पुस्तकात ती लग्नाला जातच नाही

(ज्यांनी गेम ऑफ थ्रोन्सचा तिसरा सीझन अजून बघितला नाहीये आणि बघायचाय त्यांनी या वेळचं सदर बाजूला ठेवा, बघून झाल्यावर वाचा. यात मोठे स्पॉयलर आहेत, आणि ते टाळून उत्तर देता येणार नव्हतं.)

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. वय एकसष्ट, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"मुलगा बोटीवर असतो, अजून अडीच महिने तरी यायचा नाही. घरी मी आणि सून, तिला सहावा लागलाय. रात्री तिला झोप लागत नाही म्हणून दोघी मिळून गेम ऑफ थ्रोन्स लावायला लागलो. पहिले दोन-तीन एपिसोड मी नाक मुरडत बघितले, मग मलाच अशी गोडी लागली की लायब्ररीतून पुस्तकं आणली, तीन वाचून झाली. तिथून आमचं बिनसलं. मी सारखी 'पुस्तकात असं नाहीये' म्हणायचे, शेवटी ती म्हणाली, आई, मग तुम्ही पुस्तकच वाचा ना, मला बघू दे. तेव्हापासून गप्प बसते. आता तिसऱ्या सीझनचे आठ एपिसोड झालेत आणि नवव्यातल्या लग्नात काय होणार ते मला माहितीये. तिचा रॉबवर, त्या स्टार्क घराण्यातल्या तरुण राजावर, फार जीव आहे. सांगू की नको? गेले तीन दिवस डोकं दुखतंय म्हणून टाळतेय. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला जातच नाही, मागे किल्ल्यावर राहते, म्हणजे ती आणि तिच्या पोटातलं बाळ तरी वाचेल, सुनेला तेवढाच धीर. शेजारच्या म्हणतात या दिवसांत असलं बघूच नये. मी पुस्तकं वाचायचं सोडून देऊ का?"

ताई, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या की माझं उत्तर येईपर्यंत नववा एपिसोड लावू नका, डोकं आणखी चार दिवस दुखू दे. का ते आता सांगते.

मालिकेत रॉबची बायको, टॅलिसा, त्या लग्नाला जाते. त्याच्यासोबत जाते, जेवते, हसते, मुलगा झाला तर नाव तुझ्या वडिलांचं ठेवू, एडार्ड, असं त्याला सांगते. आणि थोड्याच वेळात लग्न ज्यांच्या घरी आहे त्या फ्रे घराण्याची माणसं हत्यारं काढतात तेव्हा पहिला वार तिच्यावर होतो. पोटावर. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि ते दाखवतात, पडद्यावर, सूचक वगैरे काही ठेवलेलं नाही.

तुमच्या पत्रातलं ते "तेवढंच समाधान" वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण हीच चूक मी केलेली आहे, अगदी हीच.

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते, तिला विचारून सांगतेय. २०१३ चा जून होता, तो एपिसोड २ जूनला आला होता आणि त्यानंतर आठवड्याभरात आम्ही दोघी तिच्या घरी लॅपटॉपवर बघायला बसलो. आदल्या वर्षी तिचं पाचव्या महिन्यात मिसकॅरेज झालेलं. मी पुस्तकं वाचलेली, त्यामुळे मी अगदी निर्धास्त, मला वाटलं रॉब जाईल, त्याची आई जाईल, हिला धक्का बसेल, रडेल थोडी, मग रात्रभर बोलत बसू. उलट मी तर वाट बघत होते, कधी एकदा तो सीन येतो आणि हिचं तोंड बघते असं झालं होतं मला. तिच्या मांडीवर शेंगदाण्यांची वाटी होती. टॅलिसावर वार झाला तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. तिने वाटी उचलून टेबलावर ठेवली, मांडीवर दोन-चार दाणे सांडले होते ते एकेक करून वेचले, परत वाटीत टाकले, आणि उठून आत गेली आणि रात्री साडेबाराला ओट्यावरची भांडी घासायला लागली. मी मागोमाग गेले. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुला माहिती होतं ना गं. आणि मला खरंच माहिती नव्हतं हो, पण मला तोंडातून ते काढता येईना, कारण आधीचा महिनाभर मी तिला मला सगळं पुढचं माहितीये असंच दाखवत आले होते.

म्हणून मी तुम्हाला सांगतेय, पुस्तक वाचलंय म्हणजे पडद्यावर काय येणार ते आपल्याला माहितीये असं धरून चालू नका. कथा तीच असते, लग्न तेच, विश्वासघात तोच, पण ज्या ठिकाणी आपल्या माणसाला लागणार असतं नेमकं तेच ठिकाण वेगळं निघू शकतं.

आता हे वेगळं का झालं ते सांगते, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला नुसतं "बदललं" म्हणून चालणार नाही. जॉर्ज मार्टिनची ही मूळ पुस्तकं कशी रचलीत बघा, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका माणसाचं नाव आणि ते अख्खं प्रकरण त्याच्याच डोळ्यांनी. आणि आजवर आलेल्या पाच पुस्तकांत रॉबच्या नावाचं एकही प्रकरण नाही. एकही नाही! त्याला आपण बहुतेक वेळा त्याच्या आईच्या, कॅटलिनच्या नजरेतून बघतो. म्हणजे त्याचं लग्न आपल्यासमोर होतच नाही, तो जखमी होतो, धाकटे भाऊ मेल्याची बातमी येते, त्या दुःखात जेन वेस्टरलिंग नावाच्या मुलीजवळ जातो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अब्रूसाठी तिच्याशी लग्न करतो, आणि हे सगळं आपल्याला कधी कळतं तर तो बायकोला घेऊन आईसमोर उभा राहतो तेव्हा. पुस्तकात ही मुलगी लाजरीबुजरी, बाजूला उभी असलेली. तिच्यात आपला जीव अडकत नाही, अडकावा असं लिहिलेलंच नाही, कारण तिथे सगळं दुःख आईचं आहे.

मालिकेला हे जमणार नव्हतं. पडद्यावर रॉब दिसतोच, चांगला देखणा नट घेतलाय, रिचर्ड मॅडन, आणि असा मुलगा समोर दिसत असताना त्याचं प्रेम पडद्यामागे ठेवून चालत नाही. म्हणून मग मालिका बनवणाऱ्या बेनिऑफ आणि वाइस यांनी जेन काढून टॅलिसा आणली, दूरच्या शहरातून आलेली, रणांगणावर जखमींचे पाय कापून जीव वाचवणारी, फटकळ. ऊना चॅप्लिनने केलीये, चार्ली चॅप्लिनची नात ती. दुसऱ्या सीझनपासून तिला हळूहळू आपल्या मनात बसवली. सातव्या एपिसोडमध्ये ती गरोदर असल्याचं रॉबला सांगते, आठवतंय ना, आणि तो एपिसोड कुणी लिहिलाय माहितीये? खुद्द मार्टिनने. पहिल्या चार सीझनमध्ये त्याने दरवर्षी एक एपिसोड लिहिला, त्यातलाच तो एक. म्हणजे ज्याच्या पुस्तकात हे बाळ नाही त्यानेच ज्या एपिसोडवर आपलं नाव लावलं त्यात हे बाळ आहे. मला वाटतं मालिकावाल्यांना त्या लग्नात स्टार्क घराण्याचं पुढचं दारच बंद करून टाकायचं होतं, आशेला कुठे फट ठेवायची नव्हती. ते चांगलं की वाईट यावर मी बरीच वर्षं विचार केलाय आणि माझं मत असं की कथेला त्याची गरज नव्हती. पुस्तकातलं प्रकरण त्याशिवायही वाचवत नाही. मार्टिनने स्वतः सांगितलंय की ते प्रकरण त्याच्याने लिहवेना, ते सोडून बाकीचं पुस्तक लिहून काढलं आणि सगळ्यात शेवटी तिथे परत आला.

आणि आपल्या लोकांना ते जरा जास्तच लागतं असं मला वाटतं, कारण त्यात मीठ आहे. कॅटलिन आधीच रॉबला बजावते ना की पोचल्या पोचल्या त्या म्हाताऱ्या फ्रेकडून ब्रेड आणि मीठ मागून खा, एकदा का त्याच्या घरचं मीठ पोटात गेलं की आपण सुरक्षित. आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं, आपल्याकडे खाणाऱ्याने जागायचं असतं, तिथे वाढणाऱ्यानेही जागायचं असतं आणि तोच उलटतो. तुम्ही ते पुस्तकात वाचलंय, सुनेला त्यातलं काही माहीत नाही.

तर आता तुमचा प्रश्न, सांगू की नको. सांगा. पण सगळं सांगू नका.

आमच्या पिढीला कुणी स्पॉयलर हा शब्द शिकवला नव्हता. आजोबांबरोबर कीर्तनाला जायचे तेव्हा अभिमन्यू आत शिरला की परत येणार नाही हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं, तरी बुवा चक्रव्यूहापाशी आले की बायका पदर डोळ्याला लावायच्या. कळलेलं असलं म्हणून लागायचं कमी होत नाही, फक्त लागताना माणूस सावध असतो. आणि त्याच महाभारतात पुढे अश्वत्थामा उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र टाकतो तेव्हा कृष्ण तरी मध्ये पडतो, परीक्षित वाचतो. या लग्नात मध्ये पडणारं कुणी नाहीये, म्हणून तुम्ही मध्ये पडा.

कसं सांगायचं ते लिहिते कारण त्यावरच सगळं आहे. रात्री टीव्हीसमोर बसल्यावर नको, एपिसोड चालू असताना पॉज करून तर नकोच नको. दिवसा सांगा, दोघी काहीतरी करत असताना, कोथिंबीर निवडताना म्हणा, हात कामात असले की असलं बोलणं बरं पडतं, एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि आधी डोकेदुखीचं खरं सांगून टाका, कारण तुम्ही काय समजता, तिला कळलं नसेल? तीन दिवस सासूचं नेमकं नवव्या एपिसोडलाच डोकं दुखतंय हे सहाव्या महिन्यातली बाई ओळखते हो, आणि ती मनात भलतंच काहीतरी धरून बसली असेल की आईंना माझ्याबरोबर बसायचा कंटाळा आला. त्यामुळे साधं असं म्हणा, "अगं, डोकं नव्हतं दुखत. पुढच्या एपिसोडमध्ये एका गरोदर बाईवर हल्ला होतो आणि ते दाखवलंय. मला कळलं आणि तुझ्याबरोबर ते कसं बघायचं ते सुचेना." एवढंच. रॉबचं काय होतं ते नको, कॅटलिनचं नको, कोण करतं ते नको. टॅलिसाचं नाव नाही घेतलं तरी ती ओळखेल, गरोदर कोण आहे ते तिला ठाऊकच आहे, पण नाव तुम्ही घेऊ नका.

मग गप्प बसा आणि तिला ठरवू द्या. तीन गोष्टी होऊ शकतात. एक, ती म्हणेल मला माहितीये आई, मी कधीच वाचलंय, आणि याची शक्यता बरीच आहे कारण हा सीन येऊन दहा वर्षांवर झाली आणि नेटवर त्याबद्दल इतकं बोललं गेलंय की न बघितलेल्यांनाही लग्नात काहीतरी झालं एवढं माहीत असतं. मग दोघी आरामात बसा. दोन, ती म्हणेल बाळंत झाल्यावर बघू, तर तसं करा, मालिका कुठे पळून जात नाही. तीन, ती म्हणेल बघूया पण तो भाग नको, आणि बहुतेक हेच होईल, तर त्यासाठी खूण सांगून ठेवते.

त्या एपिसोडचा बराचसा भाग बघण्यासारखा आहे, जॉनचं आहे, ब्रानचं आहे, आर्या आणि हाउंड वाटेवर आहेत ते आहे, लग्नाची गंमतसुद्धा आहे. शेवटच्या दहा-बारा मिनिटांचा प्रश्न आहे. नवरा-नवरीला खोलीकडे उचलून नेतात, हॉलमध्ये जरा निवांत होतं, आणि मग एक माणूस जाऊन दार लावून घेतो आणि वर सज्जात बसलेले वाजंत्री गाणं बदलतात. दार लागलं की रिमोट. कॅटलिन शेजारच्या माणसाची बाही वर करते आणि आत चिलखत दिसतं, तिथपर्यंत ताणू नका, त्यानंतर वेळच मिळत नाही. (पुस्तकात ती बाही दुसऱ्याची आहे, तुम्ही लगेच ओळखाल, पण त्या रात्री ते बोलू नका.) मग टीव्ही बंद करून तुम्ही तुमच्या शब्दांत तिला काय झालं ते सांगा, चार वाक्यांत, न सजवता. एपिसोड संपताना नावं येतात त्याला संगीतही नाही, सगळं मुकं, एरवी ते रामिन जवादीचं संगीत वाजतं तेही नाही. आणि दहाव्या एपिसोडची सुरुवात दिवसा, तुम्ही एकट्या आधी बघून घ्या, रॉबच्या देहाची विटंबना दाखवलीये ती तिथे आहे.

शेजारच्यांचं म्हणणं. त्यांना तुमची काळजी आहे म्हणून बोलतात, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण बाळावर परिणाम होतो की नाही हा प्रश्न डॉक्टरांचा, तो मालिकेवरून सोडवायचा नसतो. माझ्यापुढचा प्रश्न बाळाचा नाहीये, तुमच्या सुनेचा आहे. नवरा समुद्रावर, रात्री झोप नाही, आणि दिवसातला एक तास असा की ज्यात ती आणि तुम्ही दोघी त्या भलत्याच जगात जाऊन येता. तो तास बंद करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तिला काय बघवतं आणि काय नाही हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही, फक्त ठरवता यावं एवढी माहिती तिच्या हातात हवी आणि ती आत्ता फक्त तुमच्याकडे आहे.

आता "पुस्तकात असं नाहीये". ताई, यात मी सुनेच्या बाजूची आहे आणि तरी पुस्तकं सोडू नका असंही म्हणतेय. ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं बघा, तिला एखादी गोष्ट मनापासून आवडली आणि त्याच क्षणी शेजारून कुणीतरी सांगितलं की ही नकली आहे, अस्सल माझ्याकडे आहे. आणि दर वेळी ते खरंही नसतं. रॉबची धाकटी बहीण आर्या शत्रूकडच्या टायविनला वाइन वाढते, म्हातारा तिला ओळखत नाही आणि तरी त्याला ती आवडते, दुसऱ्या सीझनमधले ते सगळे सीन पुस्तकात नाहीतच, तिथे ती रूस बोल्टन नावाच्या सरदाराची नोकर असते, आणि मला विचाराल तर मालिकेतलं ते जास्त चांगलं आहे. पहिल्या सीझनमध्ये राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी दोघंच बसून आपलं लग्न कसं सडलं त्यावर बोलतात, तेही मालिकेचंच, पुस्तकात तोवर दोघांच्याही नजरेतून एकही प्रकरण नाही तर तो सीन येणार कुठून. मुलं मोठी केली ते तर बरंच केलं, पुस्तकात डेनेरिस तेरा वर्षांची आहे आणि रॉब चौदाचा, हे वाचताना एक वेळ चालून जातं, खरी तेरा वर्षांची मुलगी तिथे उभी केली असती तर आपण पहिल्याच एपिसोडला उठलो असतो. काही ठिकाणी निव्वळ पैसे नव्हते, पहिल्या सीझनमध्ये टिरियन लढाई सुरू व्हायच्या आत डोक्याला मार लागून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तोवर लढाई संपलेली, पुस्तकात तो लढतो. गंमत म्हणजे मार्टिन आधी टीव्हीतच होता, १९८० च्या दशकात, तिथे त्याने लिहिलेलं दर वेळी मोठं आणि महाग म्हणून कापायला लागायचं, त्याला कंटाळून त्याने अशी पुस्तकं लिहायला घेतली की ज्यात कितीही सैन्य आणि कितीही किल्ले घातले तरी कुणी बिल मागत नाही. ती परत टीव्हीवर आणायची तर काहीतरी गळणारच.

तर वाक्य बदला. "पुस्तकात असं नाहीये" च्या जागी, आणि एपिसोड संपल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, "याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं सांगू?" असं विचारा. पडदा चेहरा दाखवतो, मनातलं पुस्तकात असतं, आणि ते घरात एकट्या तुमच्याकडे आहे. एक उदाहरण देते, लगेच वापरून बघा. सातव्या एपिसोडमध्ये जेमी अर्ध्या वाटेवरून परत फिरतो आणि ब्रिएनसाठी अस्वलाच्या खड्ड्यात उडी टाकतो, सुनेने नक्की विचारलं असेल की हा मेला परत का आला, हात गेलाय, घरी निघालाय. मालिकेत त्याचं नीट उत्तर नाही. पुस्तकात आहे, तुम्ही वाचलंय, तो एका झाडाच्या बुंध्यावर डोकं ठेवून झोपतो आणि त्याला ते स्वप्न पडतं, काळोख, पाणी, दोघांच्या हातातल्या जळत्या तलवारी आणि त्याची तलवार विझते तरी तिची जळत राहते. हे तिला मराठीत सांगा, तुमच्या शब्दांत, इतकी वर्षं वर्गात धडे सांगितलेत, तुम्हाला काय सांगायला हवं. ती काही "मला बघू दे" म्हणणार नाही, तुम्हीच बघा, ती दुसऱ्या रात्री विचारेल, आई आणि हिच्या मनात काय होतं?

पुढच्यासाठी काही गोष्टी आत्ताच टिपून ठेवा, कारण चौथ्या सीझननंतर पुस्तकांचा भरवसा आणखी कमी होतो. तिसरं पुस्तक तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये मिळून येतं, पाचव्यात चौथं आणि पाचवं पुस्तक एकत्र कालवलंय, आणि तिथून पुढे छापील पुस्तकच नाही, पाचवं २०११ ला आलं, सहाव्याची आम्ही सगळे तेव्हापासून वाट बघतोय आणि मालिका २०१९ ला संपूनही गेली. तर सीझन ५ चा सहावा एपिसोड, शेवटी एका बाईवर जबरदस्ती आहे. सीझन ५ चा नववा, एका लहान मुलीच्या बाबतीत जे होतं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही, बघणार नाही. सीझन ६ चा दुसरा, एक बाळंतीण आणि तिचं तान्हं बाळ. तुमची सून तोवर स्वतः बाळंतीण असेल, म्हणून हा शेवटचा सगळ्यात आधी लक्षात ठेवा. यातलं कुणाचं नाव मी घेतलेलं नाही आणि तुम्हीही तिला सांगताना असंच सांगा, काय आहे एवढं कळू दे, कुणाचं ते नको. आणि कुणी म्हणालं की याच्याआधीची कथा असलेली हाउस ऑफ द ड्रॅगन बघा, तर आत्ता अजिबात नको, तिच्या पहिल्याच एपिसोडमध्ये एक बाळंतपण आहे जे पुस्तकात इतिहासाच्या ओघात चार ओळींत उरकलंय आणि पडद्यावर उरकलेलं नाही. दोन वर्षांनी बघा, मुलगा घरी असताना.

अजून एक, तिसऱ्या पुस्तकाचं अगदी शेवटचं प्रकरण वाचून तुमच्या अंगावर काटा आला असेल आणि ते पडद्यावर कधी येतं म्हणून तुम्ही वाट बघत असाल. ते येत नाही. मालिकेने ते घेतलंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, तुम्हालाही वाटेल, पण ते दुःख चौथं पुस्तक वाचून भरून काढा आणि सुनेला एखाद्या दुपारी सांगा, तिला न दाखवलेली गोष्ट तुमच्याकडून मिळेल.

आणि सीझन ४ चा दुसरा एपिसोड. पुन्हा लग्न आहे, पुन्हा वाजंत्री, पुन्हा मोठी पंगत, आणि सुनेला आधीचं आठवून धडकी भरेल, ती तुमचा हात धरेल आणि विचारेल आई काही आहे का यात, मला सांगा आधी. तुम्ही वाचलंय काय आहे. तो एपिसोडही मार्टिननेच लिहिलाय आणि मुख्य घटना पुस्तकातलीच आहे. तिला म्हणा तुझ्यासारख्या बाईच्या बाबतीत काही नाही, निर्धास्त बस. याच्या पुढे एक अक्षर बोलू नका.